सोडा हो, आपलाच आहे

बारामती एमआयडीसीत कोणत्याही कंपनीच्या गेटवर दिवसभर एक वाक्य ऐकू येतं : "सोडा हो, आपलाच आहे." भंगारवाल्याचा टेम्पो असो, मेसचे डबे असोत, ठेकेदाराने ऐनवेळी धरून आणलेला वेल्डर असो किंवा साहेबांच्या मेव्हण्याचा मित्र असो; गेटपास मागाहून होतो, आधी हे वाक्य होतं. वॉचमन मामा मान वर करून चेहरा बघतात, रजिस्टर पुढे सरकवतात आणि दांडा वर जातो. या वसाहतीत पियाजिओच्या तीनचाकी बनतात, भारत फोर्जचे सुटे भाग बनतात, अगदी पोरांच्या हट्टाचं किंडर जॉयसुद्धा बनतं. पण यातलं काही बनण्याआधी, कच्च्या मालापासून माणसापर्यंत सगळं, "आपलाच आहे" या एका वाक्यावर आत आलेलं असतं.

हे वाक्य चालत नाही ते फक्त गेटच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर. तिथे अँटिव्हायरस बसलेला असतो. त्याला गाव नाही, भावकी नाही, तंबाखूची सवय नाही. त्याच्यापर्यंत कुणाची चिठ्ठी पोचत नाही आणि वरून आलेला फोन तो उचलत नाही. शिफारस न चालणारी ही आमच्या तालुक्यातली बहुधा एकमेव जागा.

मी सांगतोय ती हकिकत एका कारखान्याच्या भुईकाट्याची. कारखान्याचं नाव नको आणि अँटिव्हायरसचंही नको; दोघांनाही आपली अब्रू प्यारी आहे. गेटच्या आत शिरलं की डाव्या हाताला काटा. गाडी पाट्यावर चढते, खालचे लोडसेल वजन हेरतात, केबिनमधल्या डब्यावर लाल आकडा उमटतो आणि तिथून एका केबलने तो कॉम्प्युटरमध्ये जातो. कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम. भरलेल्या गाडीतून रिकामी वजा करून तो निव्वळ वजन काढतो आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर करकरत पावती छापतो. हा प्रोग्राम इथल्याच एका पोराने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात लिहिला. पोरगा आता हिंजवडीत असतो, प्रोग्राम इथेच राहिला. करड्या रंगाची खिडकी, हिरवे आकडे, कंपनीच्या नावात स्पेलिंगची एक चूक. पण वजन चोख. साऱ्या पृथ्वीवर हा प्रोग्राम फक्त या एका केबिनमध्ये चालतो.

म्हणजे चालत होता. एका सकाळी मामांनी कॉम्प्युटर लावला तर डेस्कटॉपवरचं काट्याचं चित्र जाऊन तिथे कोरा पांढरा कागद उरलेला. खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकोन वर आला : धोका आढळला, कारवाई पूर्ण झाली, तुम्हाला काहीही करायची गरज नाही. गेटबाहेर कॉइलच्या गाड्यांची रांग पेन्सिल चौकाच्या दिशेने सरकायला लागली होती आणि आत कुणालाही काहीही करायची गरज नव्हती.

"मामा, काय झालं ओ?" पहिल्या गाडीचा ड्रायव्हर खिडकीशी आला.

"काट्यात व्हायरस निघाला म्हनं."

"मग मापाचं काय?"

"माप न्हाय. आधी औषध."

ही बातमी दहा मिनिटांत शेवटच्या गाडीपर्यंत गेली, आणि तिथे पोचेपर्यंत तिचं "काटा खराब आहे, वजन कमी दाखवतोय" असं झालेलं होतं. यात ड्रायव्हरांचा दोष नाही. बारामती-इंदापूर हा उसाचा पट्टा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, इंदापूर, चारी दिशांना साखर कारखाने. काटामारी हा इथला पिढीजात विषय. ऊस कारखान्याच्या काट्यावर नेण्याआधी बाहेरच्या खासगी काट्यावर एकदा तोलून बघणारे शेतकरी इथे जागोजागी भेटतील. वैधमापन खात्याचा शिक्का असला तरी लोक आकड्याकडे तिरक्या नजरेनेच बघतात. अशा मुलखात ज्या वस्तूवर मुळातच कुणाचा विश्वास नाही, तिच्यावर आता कॉम्प्युटरनेही संशय घेतला होता. एका अर्थाने तो इथला झाला म्हणायचा.

अँटिव्हायरसने गुन्हेगाराचं नाव दिलं होतं : ट्रोजन, जेनेरिक. पोलिसी भाषेत सांगायचं तर आरोपी अनोळखी आहे, पण चेहरा पटत नाही. आता चेहरा का पटत नाही, हे बघू. हा प्रोग्राम कॉम्प्युटर सुरू झाला की कुणी न सांगता स्वतःहून उठतो. रात्रभर जागा असतो. आपल्या फोल्डरमधली एक फाइल दिवसभर खोडून पुन्हा लिहीत बसतो. संध्याकाळी सात वाजता गुपचूप एक ई-मेल पाठवतो, त्यात दिवसाच्या गाड्यांचा हिशेब साहेबांना जातो. त्यावर लेखकाची डिजिटल सही नाही. शिवाय पोराने त्या वेळी हौसेने फाइल दाबून लहान केली होती, म्हणजे आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. लवकर उठणं, रात्रपाळी करणं, हिशेब वेळेवर पोचवणं, स्वतःच्या नावाचा गाजावाजा न करणं : कामगाराच्या अंगी हे गुण असते तर त्याचा एक मे रोजी नारळ देऊन सत्कार झाला असता. प्रोग्रामच्या अंगी असले की ही रोगाची लक्षणं ठरतात. व्हायरसही पहाटे उठतो, रात्रभर राबतो आणि गुपचूप मेल पाठवतो.

मग सुटकेचे प्रयत्न सुरू झाले. अकाउंटच्या मॅडमनी क्वारंटाइनची यादी उघडली. हा शब्द कोरोनात सगळ्यांना पाठ झालेला, त्यामुळे निम्मी अडचण तिथेच संपली. यादीत आपला प्रोग्राम मुकाट बसलेला दिसला. मॅडमनी 'रिस्टोअर' दाबलं. तो घरी आला, दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच अँटिव्हायरसने त्याला पुन्हा उचललं. पुन्हा रिस्टोअर, पुन्हा अटक. जामीन मंजूर आणि कोर्टाच्या पायरीवर दुसऱ्या गुन्ह्यात ताब्यात, हा प्रकार आपण वर्तमानपत्रात वाचतो. इथे तो थेट प्रक्षेपित होत होता.

खरी वाट उलटी असते. आधी अपवादांच्या यादीत नाव घालायचं, मगच आरोपीला सोडायचं. विंडोजच्या घरच्या संरक्षणात ही यादी व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये, तिथून मॅनेज सेटिंग्जमध्ये, अगदी तळाशी 'एक्स्क्लूजन्स' या नावाने असते. केबिनमधला अँटिव्हायरस विकतचा होता, त्यामुळे त्याची यादी आणखी तीन दारं ओलांडून होती आणि शेवटच्या दाराला पासवर्ड होता. पासवर्ड ज्याने टाकला तो कॉम्प्युटरवाला लोणी देवकरच्या एमआयडीसीत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेला आणि त्याचा फोन आवाक्याबाहेर.

तेवढ्यात हिंजवडीचा फोन लागला. पोराने सगळं ऐकून घेतलं आणि जगातला प्रत्येक प्रोग्रामवाला देतो तो सल्ला दिला :

"मॅडम, आधी अँटिव्हायरस बंद करा. बाकी काही नाही."

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म या वाक्यात आहे. कारण हेच वाक्य, शब्दही न बदलता, चोर बोलतो. चोरीचं डिझाइन सॉफ्टवेअर कधी कुणी 'मित्राकडून' आणलं असेल, तर त्यासोबत एक छोटी सूचनांची फाइल येते हे त्याला ठाऊक असेल. तिच्यातली पहिली सूचना : आधी अँटिव्हायरस बंद करा. काळजी नको, तो उगाच ओरडतो. म्हणजे हिंजवडीचा गुणी मुलगा आणि तो अनामिक लुटारू हे दोघे आपल्या दारात उभे राहून एकच मागणी करतात, दोघांचाही आवाज तितकाच आपुलकीचा, आणि दोघेही "उगाच ओरडतो" असंच म्हणतात. निवड कुठल्या जोरावर करायची?

आपण ती कशी करतो, हे बघण्यासारखं आहे. काट्याच्या प्रोग्रामवर सकाळभर खल करणाऱ्या याच केबिनमध्ये व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून लग्नपत्रिका आली तर ती कुणाची हे बघायला चार अंगठे एकदम पुढे होतात. पत्रिका म्हणजे पीडीएफ किंवा फोटो. ती 'एपीके', म्हणजे मोबाइलचं ॲप, कशी असेल, हा प्रश्न लग्नसराईत कुणाला पडत नाही. पोलिसांनी अशा पत्रिकांबद्दल इशारे दिलेत. त्या उघडल्या की वधू-वर राहतात बाजूला आणि मोबाइलमधले मेसेज, ओटीपीसकट, तिसऱ्याच माणसाच्या घरी जेवायला जातात. पण पत्रिका नाकारणं आपल्या संस्कारात बसत नाही.

निवडीचा हा प्रश्न यंत्राला तरी सुटेल, अशी आशा कुणी बाळगू नये. अमेरिकेतल्या फ्रेड कोहेन या संशोधकाने १९८४ सालीच दाखवून दिलं, की कोणता प्रोग्राम व्हायरस आहे आणि कोणता नाही, हे प्रत्येक वेळी बिनचूक सांगणारं यंत्र बनूच शकत नाही. त्याचा युक्तिवाद मोठा खट्याळ आहे. समजा असा सर्वज्ञ तपासनीस बनला. मग मी एक प्रोग्राम लिहितो, जो आधी त्यालाच विचारतो, "मी व्हायरस आहे का?" तो "हो" म्हणाला तर माझा प्रोग्राम हाताची घडी घालून गप्प बसतो, "नाही" म्हणाला तर लगेच पसरायला सुरुवात करतो. तपासनीस काहीही म्हणाला तरी खोटाच पडतो. आमच्या मामांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "अशी दोन मानसं हायत की आपल्याकडं. हजेरीला."

नियम जितका कडक, तितका त्यात भला माणूस अडकतो. हेही आमच्या गावाला नवं नाही. मोरोपंत (१७२९ ते १७९४) इथलेच. पराडकरांच्या या कवीने एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात. त्यात एक निरोष्ठ रामायण आहे. अट अशी, की ओठाला ओठ लागेल असं अक्षर घ्यायचंच नाही. प, फ, ब, भ, म सगळी बाहेर. नियम निर्दोष, अंमल कडक. फक्त एवढंच झालं, की रामायणातून 'राम' बाहेर गेला. म त्याच्या नावातच आहे. याच नियमाने 'बारामती' आत येऊ शकत नाही, 'एमआयडीसी' येऊ शकत नाही आणि खुद्द 'मोरोपंत' तर पहिल्या अक्षरालाच अडकतात. पंत प्रतिभावान होते, त्यांनी रामाचं नाव न घेता रामायण नेलं तडीला. अँटिव्हायरसकडे नियम पंतांच्या तोडीचे आहेत, प्रतिभेची वानवा आहे. आत घ्यायचा तो नायक आहे, एवढंच त्याला कळत नाही.

त्याचे पुरावे मोठमोठ्यांनी ठेवलेत. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून धरली आणि जगभरचे कॉम्प्युटर बंद-चालू, बंद-चालू करत बसले. २०११ साली मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसने गूगल क्रोमला बँक लुटणारा ट्रोजन ठरवून काही लोकांच्या कॉम्प्युटरवरून उडवलं; यात धंद्यातली चुरस नव्हती, असं मानणं हे आपलं मोठेपण. पण मुकुटमणी शोभावा तो सोफोसचा सप्टेंबर २०१२चा पराक्रम. त्या अँटिव्हायरसने स्वतःच्याच अपडेट आणणाऱ्या भागाला व्हायरस म्हणून पकडलं. आत्मपरीक्षणाची एवढी उंची आपल्याकडे संतांनीच गाठलेली. आणि १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकने तर कुणाला पकडलंही नाही, नुसतं एक सदोष अपडेट पाठवलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. आपल्याकडे काही प्रवाशांना विमानाचे बोर्डिंग पास हाताने लिहून मिळाले. अक्षर चांगलं असलेल्या कर्मचाऱ्याला त्या दिवशी विमानतळावर किंमत आली.

तरीही संशय ही चीज फुकट जात नाही, हे दाखवलं पुण्याने. कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरले, पुढे कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत. फ्लॉपीतून व्हायरस घेऊन येणारी गिऱ्हाइकं वाढली तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर उतारा लिहिला, आणि १९९४ साली डॉसवर चालणारं क्विक हील बाजारात आलं. २०१६ साली कंपनीचे शेअर बाजारात आले. येणाऱ्याकडे आधी संशयाने बघावं आणि मग दार उघडावं, ही पुण्याची परंपरा. तिचं परवान्यासकट, वार्षिक नूतनीकरणासकट उत्पादन होऊ शकतं हे मात्र काटकर बंधूंच्या आधी कुणाला सुचलं नव्हतं.

आता एक कबुली यंत्राच्या वतीने. मघाशी मी म्हटलं की तिथे शिफारस चालत नाही. चालते. फक्त मामांकडे चालते ती नाही. कॉम्प्युटर येणाऱ्या प्रोग्रामला दोन प्रश्न विचारतो : तुझ्यावर कुणाची सही आहे, आणि तुला आजवर किती जणांनी घरात घेतलंय? सही म्हणजे नामांकित संस्थेने दिलेलं प्रमाणपत्र. त्याला दरसाल पैसे पडतात, आणि जून २०२३ पासून त्याची गुप्त किल्ली वेगळ्या टोकनसारख्या हार्डवेअरमध्ये ठेवणं बंधनकारक झालंय. मोठ्या कंपनीचा प्रोग्राम सही मिरवत, कोटी घरांची ओळख सांगत येतो आणि त्याच्यासाठी दांडा आधीच वर गेलेला असतो. हिंजवडीच्या पोराच्या प्रोग्रामला सही नाही आणि घर एकच, तेही गेटची केबिन. त्याच्यासाठी विंडोज निळी खिडकी लावतं : तुमच्या कॉम्प्युटरचं रक्षण केलं आहे. त्यावर एकच ठळक बटण असतं, 'नको' अर्थाचं. 'तरीही चालवा' हे बटण 'मोअर इन्फो'च्या मागे लपवलेलं. हे सगळं आम्हाला इतकं ओळखीचं वाटलं, की राग येण्याऐवजी घरच्यासारखं वाटलं. आकाशातून पडलेला निःपक्षपाती अंमलदार म्हणून ज्याला आम्ही बिचकत होतो, तोही शेवटी "कुणाचा?" असंच विचारत होता.

दुपारी कॉम्प्युटरवाला उगवला. त्याने पासवर्ड टाकला आणि साहेबांना विचारलं, "सूट कशाला द्यायची? फाइलला, फोल्डरला, का ड्राइव्हला?"

हा प्रश्न दिसतो साधा, पण सगळा संसार त्यावर उभा आहे. सगळ्यात कडक सूट फाइलच्या ठशाला देता येते. चौसष्ट अक्षरांचा तो ठसा. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी अख्खा ठसा बदलतो. पोराने उद्या कंपनीच्या नावातलं स्पेलिंग सुधारलं, की प्रोग्राम पुन्हा अनोळखी. दुसरी सूट फोल्डरला. म्हणजे या खोलीत जो कोणी बसेल तो आपला. मग तिथे प्रोग्राम बसो, नाहीतर त्याचं नाव सांगून आलेला भलताच कुणी. तिसरी सूट ड्राइव्हला, म्हणजे अख्खी वेस उघडी टाकून वेशीवरच्या चौकीचा पगार मात्र चालू ठेवायचा.

साहेबांनी बाहेरच्या रांगेकडे पाहिलं. "सगळ्यालाच द्या. परत कटकट नको."

कॉम्प्युटरवाला जाणता निघाला. त्याने ऐकल्यासारखं करून सूट एकाच फाइलला दिली. तीही आधी हिंजवडीला, डायरीतल्या जुन्या नंबरवर, फोन करून. पोराकडे जपून ठेवलेल्या मूळ प्रतीचा ठसा त्याने वाचून घेतला आणि केबिनमधल्या फाइलशी अक्षर अक्षर जुळवला. मग ती फाइल चूक पकडली म्हणून अँटिव्हायरस कंपनीकडेही पाठवली. तिथे माणसं बघतात आणि पटलं तर पुढच्या अपडेटमध्ये नाव वगळतात. मला वाटतं, "आपलाच आहे" म्हणण्याची एवढीच एक शहाणी रीत आहे : ज्याने म्हटलं त्याला आपण आधीपासून ओळखतो, ज्याच्याबद्दल म्हटलं तो हाच आहे हे ताडून पाहिलंय, आणि आत सोडलाय तो एकटाच, त्याच्यामागची वरात नाही. प्रिंटर करकरला. रांग हलली.

जाता जाता त्याने अपवादांची जुनी यादी दाखवली. तिच्यात केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या माणसांचे प्रोग्राम होते, बंद पडलेल्या पुरवठादाराचा फोल्डर होता, 'न्यू फोल्डर' होता, 'न्यू फोल्डर २' होता, आणि 'टेम्पररी' नावाचा एक होता जो यादीत सगळ्यात जुना होता. दार उघडणाऱ्यांपैकी कुणीही ते परत लावलं नव्हतं.

तेव्हा ठरलं की याचं रजिस्टर घालायचं. एमआयडीसीत कुठल्याही रोगावर रजिस्टर हाच इलाज. रकाने आखले : प्रोग्रामचं नाव, सूट कुणी दिली, कारण, कधीपर्यंत. पुढच्या महिन्यात आयएसओचे ऑडिटर आले तेव्हा ते त्यांच्यापुढे ठेवलं. काट्याच्या ओळीत कारण छान लिहिलेलं होतं, कॉम्प्युटरवाल्याच्या हातचं. बाकीच्या ओळींत 'कारण' या रकान्यात 'साहेब म्हणाले' आणि 'कधीपर्यंत' या रकान्यात 'कायम' असं वरपासून खालपर्यंत एका अक्षरात भरलेलं होतं. ऑडिटरांनी रकाने मोजले, एकही रिकामा नाही याची खात्री केली आणि 'उत्तम पद्धत' असा शेरा मारून सही केली.

मग रिपोर्टची प्रत देऊन ठेवावी म्हणून त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि केबिनमधल्या कॉम्प्युटरकडे वळले.

मामा उठून उभे राहिले. "साहेब, ह्येची नोंद कंच्या रजिस्टरात करायची?"

"अहो, माझाच आहे," ऑडिटर म्हणाले.